डावी शिफ्ट, उजवी शिफ्ट : कळफलक बिघडला तर आधी काय तपासायचं

मागच्या अंकासाठी आजीच्या आठवणींचा मजकूर मी तीन आठवडे उशिरा दिला. मंडळाच्या बैठकीत त्यावरून बोलणी खाल्ली, आणि ती बरोबरच होती. उशीर का झाला ते सांगायला लागले, तर संपादक मंडळातल्या ताई म्हणाल्या, "तोंडी नको, लिहूनच दे. पुढच्या वर्षी टाईप करणाऱ्यांच्या कामी येईल." म्हणून हा पाठ.

विषय तसा साधा आहे : संगणकाचा कळफलक नीट चालेनासा झाला तर काय करायचं. पण मराठी टाईप करणाऱ्याला तो वाटतो तेवढा साधा पडत नाही. इंग्रजीत एखादी कळ गेली की शब्द मोडतो आणि लगेच डोळ्याला खटकतो. मराठीत मात्र कळ गेली तरी कधी कधी दुसराच, दिसायला अगदी बरोबर असा शब्द तयार होतो. माझं तेच झालं.

घडलं काय?

नाताळच्या सुट्टीत मी गावी गेले होते. आमचं गाव तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, बेला मंडलात. पैनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्र. आजीचं माहेर किनवटकडचं. ती जन्मली तेव्हा किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, हैदराबाद संस्थानात. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, किनवट नांदेड जिल्ह्यात गेलं आणि आजीचं माहेर दुसऱ्या राज्यात. या सगळ्याच्या आठवणी तिच्याकडून ऐकून मी फोनवर रेकॉर्ड केल्या. तिच्या शब्दांना हात लावायचा नाही, ती जशी बोलते तसंच लिहायचं, हे आधीच ठरवलं होतं.

आजीची बोली वऱ्हाडी वळणाची. 'डोळे'ला ती 'डोये' म्हणते, 'काळा'ला 'काया'. पण सगळीकडे तसं नाही. 'शाळा' म्हणताना ती स्वच्छ 'शाळा' म्हणते. 'शेत' कधी 'शेत' असतं, कधी 'सेत'. हे बारकावे टिपायचे हाच लेखाचा खरा हेतू होता.

मी इंग्रजी टायपिंगच्या क्लासला गेलेली, त्यामुळे दहा बोटांनी टाईप करते. कानात रेकॉर्डिंग, डोळे वहीवर, स्क्रीनकडे फारसं बघायचं नाही. चौदा पानं झाली. मग आजीला वाचून दाखवायला बसले आणि पहिल्याच परिच्छेदात मोठ्यानं वाचलं, "आमच्या गावात तवा साला नव्हती." आजी थबकली. "हे काय वाचून रायली वं? मी असं कवा म्हनली?"

खाली बघितलं तर 'शाळा'च्या जागी 'साला'. पुढे 'भाकर'ची 'बाकर', 'खळं'चं 'कलं', 'घुगऱ्या'च्या 'गुगर्या'. सातमाळा डोंगराचा 'सातमाला'. 'भाषा' या शब्दाची तर पार दैना : 'बा', मग एक स्वल्पविराम, मग तुटक टिंबांच्या वर्तुळाला लटकलेला काना.

मला घाम फुटला तो चुकांमुळे नाही. चुका दुरुस्त करता येतात. 'सेत', 'बाकर', 'गुगर्या' हे सगळं बोलीतलं वाटतं, याची मला भीती वाटली. आपल्या संपादकांनी 'बोलीभाषा जशीच्या तशी ठेवली आहे' म्हणून तसंच छापलं असतं. कळफलकाची चूक आजीच्या तोंडी कायमची बसली असती, आणि ती वाचून कोणी तरी पुढे म्हटलं असतं की बेल्याकडचे लोक 'भाकरी'ला 'बाकर' म्हणतात.

दोन दिवस वाया कसे गेले?

आधी वाटलं, मराठीची सेटिंग बिघडली. मराठी कळफलक काढून टाकला, परत टाकला. लॅपटॉप बंद करून सुरू केला. फरक शून्य. मग लॅपटॉप घेऊन आदिलाबादला एका दुकानात गेले. त्यानं इंग्रजीत भराभर सगळी बटणं दाबून दाखवली, सगळी अक्षरं आली. "कीबोर्ड एकदम अच्छा है, आपका मराठी सॉफ्टवेअर खराब है," असं सांगून त्यानं मला परत पाठवलं. त्याचं तसं चुकलं नव्हतं. त्यानं जेवढं तपासलं तेवढं ठीकच होतं. पण त्यानं तपासली होती फक्त छोटी इंग्रजी अक्षरं, आणि माझी हरवलेली अक्षरं होती शिफ्टची. हे त्याच्याही लक्षात आलं नाही, माझ्याही.

खरं तर शिफ्टचा संशय मला एकदा आला होता. मी इनस्क्रिप्ट मांडणीत टाईप करते. तिच्यात एका कळीवर 'ल' आणि तीच शिफ्टसह दाबली की 'ळ'. 'क' आणि 'ख', 'ब' आणि 'भ', 'स' आणि 'श' अशाच जोड्या आहेत. पण 'आई', 'उन्हाळा', 'इकडे' यांतले आ, उ, इ हेही शिफ्टनंच येतात, आणि ते सगळे व्यवस्थित आले होते. 'पाणी'तला 'ण'सुद्धा शिफ्टचा, तोही शाबूत. मग शिफ्ट खराब कशी म्हणायची? म्हणून तो विचार मी सोडून दिला. इथेच माझं चुकलं. काही अक्षरं येतात आणि काही येत नाहीत, तर त्यांच्यात फरक काय, हे मी विचारलंच नाही.

हात बदलला आणि अक्षर आलं

तिसऱ्या दिवशी आतेबहीण आली. ती तेलुगू माध्यमात शिकलेली. घरी मराठी बोलते, टाईप मात्र तेलुगूत करते, तेही इनस्क्रिप्टमध्ये. या मांडणीचं एक चांगलं आहे : भारतीय लिप्यांना ती सारखी आहे. 1991 च्या आयएस 13194 या भारतीय मानकात ती दिलेली आहे. ज्या कळीवर मराठीचा 'क', तिथेच तेलुगूचा 'क'. ज्या कळीवर शिफ्टसह मराठीचा 'ळ', तिथेच तेलुगूचा 'ळ'.

मी म्हटलं, "तेलुगूत 'नीळ्ळु' लिहून बघ." म्हणजे पाणी. तेलुगूतही 'ळ' येत नसेल तर मराठी सॉफ्टवेअरचा दोष नाही, असा माझा हिशेब. तिनं लिहिलं. 'ळ' आला. 'पाठशाला' लिहिलं. 'ठ' आणि 'श' दोन्ही आले. म्हणजे दोष मराठीतच? मग तिनं मराठी लावून 'शाळा' लिहिलं.

"अक्का, येतंय की 'ळ'!"

मी लिहिलं : साला. तिनं लिहिलं : शाळा. तोच लॅपटॉप, तीच भाषा, तीच कळ. तेव्हा आम्ही दोघी एकमेकींच्या बोटांकडे बघायला लागलो. ती दोन बोटांनी टाईप करते आणि शिफ्ट नेहमी उजवीकडचीच दाबते. मी क्लासच्या नियमानं जाते : उजव्या हाताच्या अक्षराला डावी शिफ्ट, डाव्या हाताच्या अक्षराला उजवी.

मग सगळं जुळलं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला आहेत, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. आ, इ, उ मी उजव्या शिफ्टनं काढत होते, म्हणून ते आले. 'ण'ची कळही डाव्या हाताखाली, म्हणून तोही वाचला. भ, घ, ध, झ, ढ, फ, ख, थ, छ, ठ, ळ, श, ष, ऱ ही सगळी उजव्या हाताची, म्हणजे माझ्या डाव्या शिफ्टची. ती कळ दहातून दोन वेळाच काम करत होती. 'ष' स्वल्पविरामाच्या कळीवर असतो, म्हणून 'भाषा'त स्वल्पविराम घुसला होता.

इंग्रजीत डावी शिफ्ट धरून एक कॅपिटल अक्षर काढून बघितलं असतं तर पाच सेकंदांत कळलं असतं.

कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंत

या प्रसंगातून मी शिकले ते आता नीट मांडते. कळ दाबणं आणि स्क्रीनवर अक्षर दिसणं यांच्या मध्ये चार टप्पे असतात. बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे कळलं की अर्धं काम झालं.

पहिला टप्पा कळ. साध्या कीबोर्डमध्ये आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये कळीखाली रबराची छोटी घुमटी असते. तिच्याखाली प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीज वाहणाऱ्या रेघा छापलेल्या असतात, मधल्याला भोकं. कळ दाबली की भोकातून वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. इथे धूळ, चहा, साखर गेली की टेकणं नीट होत नाही, किंवा कळ चिकटून बसते.

दुसरा टप्पा रेघांची जाळी. प्रत्येक कळीला स्वतंत्र तार नसते. आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते आणि एक छोटी चिप ती सतत तपासत राहते. कोणती आडवी रेघ कोणत्या उभ्या रेघेला टेकली यावरून कळ ओळखली जाते आणि तिचा क्रमांक संगणकाला जातो. डाव्या आणि उजव्या शिफ्टचे क्रमांक वेगवेगळे असतात, म्हणून एक मेली तरी दुसरी चालते.

तिसरा टप्पा मांडणी. कळीचा क्रमांक आला की त्याचं अक्षर काय करायचं ते मांडणी ठरवते. एकच कळ इंग्रजीत एक अक्षर, मराठी इनस्क्रिप्टमध्ये दुसरं, रेमिंग्टनमध्ये तिसरं देते. शिफ्टची युक्ती टाईपरायटरपासून चालत आली. 1878 च्या रेमिंग्टन क्रमांक 2 या यंत्रात ती पहिल्यांदा आली. तिथे शिफ्ट दाबली की यंत्राचा भाग खरोखर सरकायचा, त्यावरूनच हे नाव.

चौथा टप्पा अक्षराचा कोड आणि फाँट. आज मराठीला युनिकोड आहे, म्हणून इथे लिहिलेलं तिथे तसंच दिसतं. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेली फाईल, तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की भलतीच चिन्हं दिसतात. तिथे कळफलकाचा काही दोष नसतो. कोड असणं किती महत्त्वाचं, याचं उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. नारनूर मंडलातल्या गुंजाला गावी जुन्या गोंडी हस्तलिखितांत जी लिपी सापडली, तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली 2018 साली. कोड नसेल तर कळफलक कितीही चांगला असो, ती लिपी एका संगणकावरून दुसऱ्यावर धड पोचत नाही.

लक्षणावरून जागा ओळखा

दुकानात जाण्याआधी एका कागदावर लिहून काढा : कोणती अक्षरं येत नाहीत, कोणती येतात, त्यांच्या जागी काय येतं. मग खालच्या लक्षणांशी ताडून बघा.

1. एकच कळ चालत नाही, किंवा जोरात दाबली तरच चालते. दोष बहुधा कळीखाली. साफसफाईनं सुटू शकतो.

2. एकमेकींशी संबंध नसलेल्या चार-सहा कळा एकदम गेल्या. जाळीतली एखादी रेघ तुटली असेल, किंवा आतली पट्टीसारखी केबल सैल झाली असेल. हे घरचं काम नाही.

3. सगळ्या कळा चालतात, पण भलतीच अक्षरं येतात. मांडणी बदलली आहे. विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून बघा. ऑल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबली गेली तरी भाषा बदलते.

4. छोट्या लॅपटॉपवर उजवीकडच्या काही अक्षरांच्या जागी आकडे येतात. नमलॉक चालू झालं आहे, ते बंद करा.

5. कळ बराच वेळ धरल्याशिवाय अक्षर येत नाही. उजवी शिफ्ट आठ सेकंद धरली गेली की विंडोज 'फिल्टर कीज' चालू करायचं का विचारतं. न वाचता होकार दिला की पटकन दाबलेल्या कळा मोजल्याच जात नाहीत. सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ते बंद करा.

6. शिफ्टची काही अक्षरं येतात, काही नाही. माझं उदाहरण. आधी डाव्या शिफ्टनं, मग उजव्या शिफ्टनं तेच अक्षर काढून बघा.

7. आपल्याकडे बरोबर दिसतं, दुसऱ्याकडे चिन्हं किंवा चौकोन. फाँटचा प्रश्न.

8. काना-मात्रा तुटक वर्तुळावर बसते. तिच्या आधी व्यंजन आलेलं नाही. ते का आलं नाही ते शोधा, मात्रेला दोष देऊ नका.

टप्पा पक्का करायला दोन सोप्या चाचण्या आहेत. विंडोजची कळ, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबले की पडद्यावरचा कळफलक उघडतो. त्यावर माऊसनं अक्षर उमटवा. तिथे अक्षर आलं आणि कळ दाबून आलं नाही, तर मांडणी आणि फाँट ठीक आहेत, दोष कळीत किंवा जाळीत. दुसरी चाचणी, कोणाचा तरी यूएसबी कीबोर्ड मागून जोडा. त्यावर सगळं नीट आलं तर लॅपटॉपचाच कळफलक खराब. त्यावरही तीच चूक झाली तर सेटिंग शोधा.

एक पथ्य पाळा : एका वेळी एकच गोष्ट बदला. मी भाषा, सेटिंग आणि रीस्टार्ट सगळं एकदम करत होते, म्हणून कशानं काय झालं हे कळायला मार्ग नव्हता. बहिणीनं फक्त हात बदलला.

साफसफाई

माझ्या डाव्या शिफ्टखाली काय गेलं होतं ते मला माहीत होतं : गोड चहा. सांडला तेव्हा मी वरून पुसला आणि विसरले. साखर आत राहिली आणि वाळून चिकट झाली.

सांडताक्षणी करायचं ते असं. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, लॅपटॉप उलटा धरा म्हणजे पाणी खाली उतरत नाही. कोरडं व्हायला पुरेसा वेळ द्या, लगेच चालू करून बघू नका. नुसती धूळ असेल तर बंद अवस्थेत उलटा करून मऊ ब्रशनं झाडा. चिकटपणा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी जरा ओली करून कळीच्या कडेनं फिरवा. थेंब आत पडेल इतकी ओली नको, आणि जवळ दिवा किंवा गॅस नको, कारण ते पेट घेतं. लॅपटॉपच्या कळा नखानं उचकटू नका. खालची प्लास्टिकची नाजूक कात्री मोडली की कळ परत बसत नाही.

मी एवढं केल्यावर शिफ्ट दोन दिवस चालली, मग पुन्हा अडली. शेवटी चारशे रुपयांचा साधा यूएसबी कीबोर्ड आणला. तोपर्यंत 'स्टिकी कीज' वापरलं : शिफ्ट पाच वेळा दाबली की ते चालू करायचं का असा प्रश्न येतो. मग शिफ्ट एकदा दाबून सोडायची आणि नंतर अक्षर दाबायचं, धरून ठेवावी लागत नाही. उजवी शिफ्ट शाबूत होती, म्हणून हे जमलं.

मजकूर कसा दुरुस्त केला?

उशीर झाला तो खरा इथे. वाटलं होतं, सगळे 'ल' एकदम 'ळ' करून टाकू. पण मग 'गेला'चा 'गेळा' आणि 'लेक'ची 'ळेक' झाली असती. स्पेलिंग तपासणाऱ्या प्रोग्रॅमचाही उपयोग नव्हता, कारण बरेच चुकलेले शब्द हे खरेच शब्द होते. धान झालं होतं दान, भात झाला बात, झाड झालं जाड, घाई झाली गाई, काळ झाला काल. आजीच्या डोंगरातल्या दऱ्यांचा तर दर्या झाला होता. किनवटकडे माहेर असलेल्या बाईच्या आठवणीत समुद्र आला, तरी यंत्राला त्यात काही गैर दिसत नव्हतं.

म्हणून रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून ऐकलं, एकेक शब्द थांबवून. 'सेत' दिसलं की ऐकायचं : आजी 'सेत' म्हणाली की 'शेत'? सेत म्हणाली असेल तर सेत ठेवायचं, शेत म्हणाली असेल तर 'श' परत आणायचा. काही ठिकाणी ऐकूनही कळेना, तेव्हा आजीलाच विचारलं. तिला त्याची गंमत वाटत होती. "एवढ्याशा बटनासाठी किती वेळा तेच बोलू वं?" म्हणायची, आणि पुन्हा सांगायची. दुसऱ्यांदा सांगताना तिला दोन गोष्टी नव्यानं आठवल्या, त्याही लेखात आल्या आहेत.

रेकॉर्डिंग पुसलं असतं तर हे जमलंच नसतं. तेव्हा मंडळातल्या सर्वांना विनंती : कोणाच्या बोलीत काही लिहून घेत असाल तर मूळ आवाज छापून होईपर्यंत जपून ठेवा. मजकूर देताना सोबत एक छोटी यादी द्या, की हे शब्द बोलणाऱ्यानं असेच उच्चारले आहेत. मग संपादकांना बोली कोणती आणि बिघाड कोणता हे अंदाजानं ठरवावं लागणार नाही.

सराव

टाईप करायला बसण्याआधी पुढचे शब्द एकदा लिहून बघा. इनस्क्रिप्टवाल्यांना दोन मिनिटं पुरतील.

उजव्या हाताची शिफ्टची अक्षरं, डाव्या शिफ्टनं : भाकर, घाई, धान, झाड, ढग, फळ, खळं, थवा, छत, ठसा, शाळा, भाषा, दऱ्या.

डाव्या हाताची शिफ्टची अक्षरं, उजव्या शिफ्टनं : आई, इमान, उमेद, ऊन, एक, ओवी, अंगण, पाणी.

लिहून झालं की मोठ्यानं वाचा. शक्य असेल तर शेजारी एखाद्या आजीला बसवा.